प्रौढ रुग्णाची सुरक्षित शुश्रूषा : वॉर्डात काय पाहावे, कसे ठरवावे आणि केव्हा कळवावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत रात्रपाळीला बहुधा अख्ख्या वॉर्डाला एकच परिचारिका असते, आणि ड्युटीवरचे डॉक्टर त्या वेळी अपघात विभागात किंवा प्रसूतिगृहात गुंतलेले असतात. अशा वेळी रुग्ण बिघडू लागला आहे हे सर्वांत आधी परिचारिकेच्याच लक्षात येऊ शकते. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु काय बदलले, ते किती गंभीर आहे आणि कोणाला किती लवकर बोलवायचे, हा निर्णय परिचारिकेचा असतो. पुढील मार्गदर्शन नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांसाठी लिहिले आहे. औषधांचे डोस आपल्या रुग्णालयाच्या नियमावलीनुसार आणि डॉक्टरांच्या लेखी आदेशानुसारच द्यावेत.

ओव्हर घेताना

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना मागच्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती आणि जबाबदारी, टेबलाशी बसून घेऊ नये, खाटेजवळ उभे राहून घ्यावी. मागच्या पाळीच्या सिस्टर सांगत असताना रुग्णाकडे आपली नजर असावी: तो कसा श्वास घेतो आहे, अंगाला घाम आहे का, सलाईनची जागा सुजली आहे का, युरोबॅगेत किती लघवी जमली आहे आणि तिचा रंग कसा आहे. ओव्हर घेताना विचारायचा सर्वांत उपयोगाचा प्रश्न म्हणजे “मागच्या पाळीपेक्षा आता यांच्यात काय वेगळे आहे?” या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर पहिली फेरी त्याच रुग्णापासून सुरू करावी.

ओळख पटवण्याच्या बाबतीत खानदेशात विशेष दक्षता लागते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या बाजूच्या वॉर्डात एकाच वेळी चार पावरा, तीन वसावे आणि दोन पाडवी दाखल असतात, आणि रावेर-यावलकडे पाटील, महाजन, चौधरी यांची तीच गत असते. म्हणून खाटेचा क्रमांक ही ओळख मानू नये, कारण खाटा बदलतात. वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण नाव आणि केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय औषध, रक्त किंवा तपासणीचा नमुना यांना हात लावू नये. नाव आपण उच्चारून होकार घेऊ नये, रुग्णालाच सांगायला लावावे. कमी ऐकू येणारे किंवा ग्लानीत असलेले आजोबा कोणत्याही नावाला मान डोलावतात.

भाषेचाही यात भाग आहे. अहिराणी बोलणारा वडीलधारा रुग्ण सिस्टरने विचारताच “काय नही, बरं शे” असे सांगून मोकळा होतो. त्याला त्रास द्यायचा नसतो आणि तक्रार करणे त्याला प्रशस्त वाटत नाही. म्हणून “बरे वाटते का?” असे विचारण्यापेक्षा “आबा, रात्री उठून किती वेळा बसावे लागले?”, “सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?”, “उशीवरून मान उचलून दाखवा” असे, ज्याचे उत्तर पाहता किंवा मोजता येईल, ते विचारावे. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत नातेवाइकाला किंवा त्याच भागातल्या सहकाऱ्याला मध्ये घ्यावे, आणि “घरी ते असेच बोलतात का?” हे आवर्जून विचारावे. नव्याने आलेला गोंधळ, म्हणजे माणूस जागा आहे पण काहीबाही बोलतो आहे, हे धोक्याचे मोठे लक्षण आहे, आणि भाषेच्या अडचणीमुळे नेमके तेच नजरेतून सुटते.

मोजणे आणि मोजलेल्याचा अर्थ लावणे

टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्टवर सर्वांत कमी गांभीर्याने लिहिला जाणारा आकडा श्वसनाचा असतो. वीस रुग्णांच्या चार्टवर ओळीने “२०” दिसले, तर ते मोजलेले नाहीत हे उघड आहे. वास्तविक प्रौढ रुग्ण बिघडताना श्वसनाचा वेग बहुधा रक्तदाबाच्या कितीतरी आधी बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर हात तसाच मनगटावर ठेवावा आणि रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजावी. सांगितले की तो श्वास सांभाळून घेऊ लागतो.

मोजलेल्या आकड्यांना अर्थ देण्यासाठी ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज-२’ ही गुणपद्धती सोयीची आहे. ती १६ वर्षांवरील रुग्णांसाठी आहे, गरोदर स्त्रियांसाठी नाही. श्वसन, ऑक्सिजनचे प्रमाण, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान या सहा गोष्टींना शून्य ते तीन गुण दिले जातात आणि ऑक्सिजन चालू असल्यास आणखी दोन. बेरीज पाच किंवा अधिक झाली तर डॉक्टरांनी तातडीने पाहावे. सात किंवा अधिक झाली तर ती आणीबाणी समजावी. एकाच गोष्टीला तीन गुण मिळाले तरीही डॉक्टरांना कळवावे.

समजा, यावल तालुक्यातील पंचावन्न वर्षांचे शेतकरी आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी वॉर्डात आहेत. श्वसन मिनिटाला २२, ऑक्सिजन नळीशिवाय ९५ टक्के, रक्तदाब १०८, नाडी १०४, ताप ३८.३ सेल्सिअस, शुद्ध ठीक. यातला कोणताही आकडा एकेकटा पाहिला तर घाबरण्यासारखा नाही, आणि चार्ट भरून पुढच्या खाटेकडे जावे असेच वाटते. पण न्यूज-२ नुसार श्वसनाचे दोन आणि ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, ताप यांचा प्रत्येकी एक अशी बेरीज सहा होते. यापुढचे काम गुणतक्ता करून देत नाही. केसपेपरवर पाहिले तर या रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब १५० च्या आसपास आहे, म्हणजे १०८ हा त्यांच्यासाठी मोठा उतार आहे. युरोबॅगेत गेल्या तीन तासांत ४० मिली लघवी आहे. वजन साठ किलो धरल्यास ताशी किलोमागे अर्धा मिली या हिशेबाने किमान ९० मिली हवी होती. पोटाला हात लावला तर कालच्यापेक्षा ते ताठ आहे. आता हे जंतुसंसर्ग पसरण्याचे, आतड्याची शिवण गळण्याचे किंवा आत रक्तस्राव होण्याचे चित्र असू शकते. यांपैकी नेमके कोणते हे डॉक्टर ठरवतील, पण तोवर थांबायचे नाही हे परिचारिकेने ठरवायचे आहे.

पल्स ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. गार पडलेली बोटे आणि गडद नेलपॉलिश यांमुळे आकडा चुकू शकतो. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईचे प्रमाण ९८ दिसेल, पण तिच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिनच अपुरे असेल. उलट, वर्षानुवर्षे चुलीचा धूर घेतलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या आणि फुप्फुसांचा जुना विकार जडलेल्या रुग्णात डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्क्यांचे लक्ष्य ठरवतात. अशा रुग्णाला ९९ दिसावे म्हणून ऑक्सिजन वाढवत नेल्यास तो सुस्तावतो, आणि ती सुस्ती झोप समजली जाते.

सुस्तावलेल्या, घामाघूम झालेल्या किंवा विचित्र वागणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची बोटावरची शुगर लगेच पाहावी. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. शिरेतून डेक्स्ट्रोज देण्यासाठी डॉक्टरांना बोलवावे.

डॉक्टरांना फोन करताना

“सर, सात नंबरचा पेशंट बरा वाटत नाही” या वाक्यावर मध्यरात्री कोणीही उठून येत नाही, आणि त्यात सगळा दोष डॉक्टरांचा नसतो. सांगण्याचा क्रम ठरलेला असावा: आत्ताची स्थिती, थोडी पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘एसबार’ म्हणतात. वरच्या रुग्णाबाबत फोन असा व्हावा: “सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलते आहे. आतड्याच्या शस्त्रक्रियेचे, दुसऱ्या दिवसाचे रुग्ण आहेत. न्यूज सहा आहे. श्वसन २२, बीपी १०८, नेहमीचे १५०, तीन तासांत लघवी ४० मिली, पोट ताठ वाटते. संसर्ग किंवा आत गळती असावी अशी मला शंका आहे. आपण अर्ध्या तासाच्या आत येऊन पाहावे. तोवर ऑक्सिजन, सलाईन आणि रक्ततपासणीबाबत काय करू?” अंदाज सांगायला संकोच वाटतो, पण तो चुकला तरी रुग्णाचे काही बिघडत नाही, न सांगितल्याने बिघडू शकते.

फोनवर मिळालेला आदेश लिहून घ्यावा, वाचून दाखवावा आणि “बरोबर” असे ऐकल्यावरच अमलात आणावा. ठरलेल्या वेळेत कोणी आले नाही तर दुसरा फोन, मग वरिष्ठ डॉक्टर, मग वैद्यकीय अधीक्षक आणि इनचार्ज सिस्टर, असे वर जात राहावे. यात कोणाचा मान-अपमान होत नाही, आणि कोणाला तसा वाटला तर सकाळी बोलता येते.

औषधे

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाठ सर्वांचेच असते. चुका होतात त्या ठरावीक जागी.

इन्सुलिन त्यांपैकी पहिली जागा. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली अशा दोन्ही व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. उलट घोळ झाला तर २० ऐवजी आठच जातात आणि शुगर का उतरत नाही याचा दिवसभर शोध चालतो. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचावा, आणि शक्य तेथे दुसऱ्या सिस्टरला दाखवावा. इन्सुलिन देण्याआधी जेवणाचे ताट खरोखर समोर आले आहे का, हेही पाहावे.

दुसरी जागा पोटॅशियम क्लोराईडची. त्याचे १५ टक्क्यांचे १० मिलीचे अँप्युल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखेच असते, आणि त्यातले २० मिलिइक्विव्हॅलंट थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. ते कधीही सरळ शिरेत टोचू नये आणि इतर अँप्युलांच्या ट्रेमध्ये ठेवू नये. ते सलाईनमध्ये मिसळायचे असेल तर बाटली टांगण्यापूर्वी मिसळावे आणि बाटली अनेकदा उलटीसुलटी करून एकजीव करावी. टांगलेल्या बाटलीत घातलेले पोटॅशियम तळाशी साचते आणि सुरुवातीच्या थेंबांतच बरेचसे आत जाते. रुग्णाला लघवी होत नसेल तर पोटॅशियम देण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

सलाईनचा वेग राखणारा पंप नसेल तेथे थेंब मोजावेच लागतात. सलाईनच्या साध्या सेटवर (नळीवर) बहुधा एका मिलीला २० थेंब असतात, तो आकडा पाकिटावर पाहावा. मायक्रो सेटवर ६०. चार तासांत ५०० मिली द्यायचे असेल तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. हिशेब करून थेंब लावले तरी काम संपत नाही, कारण “बाटली संपली की सुटी” अशा समजुतीने नातेवाईक नळीवरचे थेंबांचा वेग ठरवणारे चाक मोकळे करतात. वयस्क, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णात यामुळे छातीत पाणी भरते. बाटलीवर पट्टी लावून तासांच्या खुणा कराव्यात आणि सोबतच्या माणसाला त्या दाखवून ठेवाव्यात.

रक्त चढवताना दोघींनी मिळून खाटेजवळ पिशवी, रक्तगट आणि नाव जुळवावे, पहिली १५ मिनिटे रुग्णाजवळून हलू नये, आणि रक्तपेढीतून निघालेली पिशवी अर्ध्या तासात सुरू करून चार तासांत संपवावी. थंडी वाजणे, कंबर दुखणे, अस्वस्थता यांपैकी काहीही दिसल्यास आधी रक्त बंद करावे, मग फोन.

आपल्या भागात वारंवार दिसणारे रुग्ण

कपाशीवर फवारणी सुरू झाली की कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या विषात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून व छातीतून स्राव वाहतो आणि नाडी मंदावते. हातमोजे घालून कपडे काढावेत, साबण-पाण्याने केस आणि नखांसह अंग धुवावे, कपडे वेगळ्या पिशवीत बांधावेत. या विषावरचे ॲट्रोपिन हे औषध सुरू असताना केवळ बाहुल्या पाहून समाधान मानू नये: छातीतली घरघर जाऊन ती कोरडी झाली का, नाडी आणि वरचा रक्तदाब दोन्ही ८० च्या वर आहेत का, काख कोरडी आहे का, हे पाहावे. रुग्ण बडबड करू लागला, अंग तापून कोरडे पडले, पोटाचा आवाज थांबला, लघवी तुंबली, तर ॲट्रोपिन जास्त होत असल्याची शंका घेऊन कळवावे. खरी कसोटी पुढे असते. पहिला दिवस पार पडला, रुग्ण बोलू लागला, नातेवाईक “आता घरी नेतो” म्हणू लागले, की २४ ते ९६ तासांच्या काळात मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात. म्हणून प्रत्येक पाळीत अनेकदा त्याला उशीवरून डोके उचलून धरायला सांगावे. सकाळी उचललेली मान दुपारी उचलता येईना, तर ऑक्सिजनचा आकडा घसरण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे आणि कृत्रिम श्वासाची तयारी ठेवावी.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा शेतातून किंवा रस्त्याच्या कामावरून आणलेला, तापलेला आणि असंबद्ध बोलणारा माणूस उष्माघाताचाच समजून काम सुरू करावे. शरीराचे आतले तापमान ४० सेल्सिअसच्या वर जाते, पण काखेतला थर्मामीटर कमी दाखवू शकतो; शक्य असेल तर गुदमार्गाने मोजावे. कपडे काढून सर्वांगावर पाणी मारत राहावे, पंख्याचा जोर लावावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नसतो, त्यात वेळ घालवू नये. तापमान ३९ च्या आसपास आले की गार करणे थांबवावे. त्यानंतर लघवी चहाच्या रंगाची येते का, झटके येतात का आणि शुगर किती आहे, याकडे लक्ष द्यावे.

सर्पदंशात नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर, तर घोणस आणि फुरसे रक्त गोठण्यावर परिणाम करतात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण दिसली नाही तरी मण्यारीची शंका घ्यावी. रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी दोन मिली रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग ते गोठले का ते पाहावे. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही. प्रतिविष सुरू करण्याआधी ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून खाटेजवळ ठेवावे, कारण प्रतिक्रिया आली तर ते मांडीच्या स्नायूत देण्याचा आदेश मिळाल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानामुळे अनेकांकडे तपासणीचे कार्डही असते. ते दाखल होतानाच मागावे. या रुग्णाच्या वेदना बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्याला “नाटक करतो” म्हटले जाते. हे मला अक्षम्य वाटते. वेदना शून्य ते दहा अशा मापात विचारून नोंदवाव्यात आणि औषधानंतर पुन्हा विचाराव्यात. ताप, छातीत दुखणे आणि ऑक्सिजन घसरणे एकत्र आले तर तो छातीचा गंभीर झटका असू शकतो.

डेंग्यूत ताप उतरला की सगळे निश्चिंत होतात, आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणे, उलट्या, मरगळ, हिरड्यांतून रक्त, किंवा वरच्या-खालच्या रक्तदाबातील अंतर २० किंवा त्याहून कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच कळवावे.

नोंद आणि संदर्भसेवा

“रुग्ण ठीक आहे” ही नोंद नव्हे. वेळ, आकडे, काय पाहिले, कोणाला किती वाजता कळवले, काय आदेश मिळाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाने रुग्ण कसा होता, हे त्याच क्रमाने लिहावे. पुढच्या तासाचे रकाने आधीच भरून ठेवण्याची सवय काही वॉर्डांत आहे. ती मोडावी, कारण असा चार्ट पुढच्या पाळीला सरळ फसवतो.

रुग्णाला धडगावहून नंदुरबारला किंवा शिरपूरहून धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे ठरले, तर १०८ ची गाडी येईपर्यंतचा वेळ तयारीचा आहे. शिरेत चालू असलेली एक तरी चांगली सुई, ती पक्की चिकटवलेली. घाटातल्या प्रवासाचा वेळ धरून पुरेसा ऑक्सिजन. शेवटचे मोजमाप निघण्यापूर्वी दहा मिनिटांच्या आतले. दिलेल्या प्रत्येक औषधाची मात्रा आणि वेळ, विशेषतः ॲट्रोपिन आणि प्रतिविषाच्या एकूण व्हायल. विषबाधा असेल तर कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरच्या नावाचा मोबाईलवर काढलेला फोटो सोबत द्यावा. पुढच्या रुग्णालयाला फोन करून वरच्याच एसबारच्या क्रमाने सांगावे, फोन घेणाऱ्याचे नाव आणि वेळ केसपेपरवर लिहावी, आणि त्या केसपेपरची प्रत नातेवाइकांच्या हातात न देता गाडीतल्या डॉक्टरांकडे द्यावी.